मायकल लाँग : अपमानाला नियमाने उत्तर देणारा खेळाडू

खेळाडूचे चरित्र सांगताना आपण बहुधा बेरीज मांडून मोकळे होतो. किती सामने, किती गोल, किती पदके, एवढे सांगितले की त्याची कारकीर्द सांगून झाली असे आपल्याला वाटते. मायकल लाँग या ऑस्ट्रेलियन खेळाडूची अशी बेरीज मांडायला फारसा वेळ लागत नाही. १९८९ ते २००१ या काळात मेलबर्नच्या एसेंडन या नामवंत क्लबकडून तो १९० सामने खेळला, त्यांत त्याने १४३ गोल केले, दोन वेळा त्याचा संघ अजिंक्य ठरला आणि एकदा अंतिम सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचे पदक त्याच्या गळ्यात पडले. उत्तम व्यावसायिक खेळाडूला शोभेल अशीच ही कामगिरी आहे. परंतु याहून अधिक सामने खेळलेले, याहून अधिक गोल केलेले कितीतरी खेळाडू त्या देशात होऊन गेले आणि त्यांची नावे आज जुन्या नोंदवह्यांत पडून आहेत. लाँगचे नाव मात्र ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात शिरले. ते कसे शिरले, हे पाहण्याचा या लेखात आमचा प्रयत्न आहे.

आमच्या वाचकांपुढे ही कहाणी ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. तिचा आरंभ एका कॅथलिक मिशनच्या आवारात होतो. ज्या आवारात आईच्या कुशीतून हिरावून आणलेली मुले वाढली, त्याच मिशनच्या परिसरात एका धर्मबंधूने मुलांच्या हाती चेंडू दिला. कृतज्ञता आणि वेदना या दोन्ही गोष्टी तेथे एकाच छपराखाली नांदल्या. मिशनऱ्यांच्या सेवेचा गौरव आपण आपल्या धर्मग्रामांत मनःपूर्वक करतो आणि तो करावाच. पण मिशनचा इतिहास पूर्ण सांगायचा तर तो कसा सांगावा, हा प्रश्न लाँगच्या जीवनाने आमच्यापुढे उभा केला आहे.

खेळ आणि मधली फळी

फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जो खेळ उभा राहतो, त्याहून हा खेळ अगदी निराळा आहे. याला ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल म्हणतात. त्याची पहिली नियमावली १८५९ साली मेलबर्न येथे लिहिली गेली आणि ती लिहिणाऱ्यांत टॉम विल्स हा त्या काळचा प्रसिद्ध क्रिकेटपटू होता. हिवाळ्यात क्रिकेट बंद असताना खेळाडूंचे शरीर सुस्तावू नये, ही त्यामागची एक कल्पना होती. साहजिकच हा खेळ क्रिकेटच्याच लंबवर्तुळाकार मैदानांवर रुजला. १९८५ सालच्या मार्च महिन्यात भारताने पाकिस्तानला हरवून क्रिकेटच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचा चषक उंचावला ते मेलबर्न क्रिकेट मैदान आपल्या परिचयाचे आहे. या फुटबॉलचे अंतिम सामनेही परंपरेने तेथेच होत आले आहेत.

प्रत्येक बाजूला १८ खेळाडू असतात. चेंडू लंबगोल असतो. तो पायाने मारावा किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसावा. फेकण्यास मनाई आहे. चेंडू घेऊन धावता येते, पण दर १५ मीटरांच्या आत तो एकदा जमिनीवर आपटावा किंवा जमिनीस टेकवावा लागतो. दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब असतात. मधल्या दोन खांबांमधून चेंडू पायाने मारला तर गोल होतो व ६ गुण मिळतात. बाजूच्या खांबांमधून गेला तर १ गुण मिळतो. ऑफसाइडचा नियम नाही, त्यामुळे मैदानभर कोणीही कोठेही असू शकतो.

अशा खेळात मधल्या फळीच्या खेळाडूंवर सर्वाधिक भार पडतो. लाँगच्या काळात पंच मैदानाच्या मध्यावर चेंडू जोराने आपटून खेळास आरंभ करीत. उंच खेळाडू उडी घेऊन तो आपल्या बाजूला ढकलीत आणि मधल्या फळीचे खेळाडू त्यावर झेपावत. बचाव करणाऱ्यांकडून चेंडू घ्यायचा, गर्दीतून वाट काढायची आणि पुढे उभ्या असलेल्या साथीदाराला तो अचूक पोहोचवायचा, हे त्यांचे काम. वीस-वीस मिनिटांच्या चार डावांत, आणि खेळ थांबला असेल तेवढा वेळ त्यात वाढत जातो, या खेळाडूंची दहा-बारा किलोमीटर धाव सहज होते. लाँग मुख्यत्वे मधल्या फळीच्या कडेला, ज्याला विंग म्हणतात त्या जागी खेळे. वेग, तोल आणि ऐन धावेत दिशा बदलण्याची हातोटी हे त्याचे विशेष गुण होते.

बेटावरचे मिशन

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर डार्विन हे शहर आहे. त्याच्या उत्तरेस समुद्रात बाथर्स्ट आणि मेलव्हिल ही दोन बेटे आहेत. ही तिवी लोकांची भूमी. १९११ साली पवित्र हृदयाच्या मिशनरी संघाचे फादर फ्रान्सिस झेवियर गसेल यांनी बाथर्स्ट बेटावर मिशन स्थापन केले. हेच गसेल पुढे १९३८ साली डार्विनचे बिशप झाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १९४० च्या सुमारास, शेजारच्या मेलव्हिल बेटावर गार्डन पॉइंट या ठिकाणी त्याच संघाने धर्मभगिनींच्या साहाय्याने आणखी एक मिशन सुरू केले.

गार्डन पॉइंटची मुले मात्र बहुतांशी त्या बेटाची नव्हती. ती मुख्य भूमीवरून आणलेली होती. उत्तर प्रदेशात १९११ पासून असा कायदा लागू होता की, सरकारने नेमलेला ‘संरक्षक’ नावाचा अधिकारी हा प्रत्येक आदिवासी मुलाचा कायदेशीर पालक समजला जाई. आई-वडील जिवंत असोत, मुलावर त्यांची माया असो, कायद्याच्या दृष्टीने पालक तोच. ज्या मुलांचे वडील वा आजोबा गोरे होते, अशा मिश्र वंशाच्या मुलांना आईपासून तोडून संस्थांमध्ये ठेवावे, म्हणजे कालांतराने ती गोऱ्या समाजात विरून जातील, असा त्या धोरणाचा हिशेब होता. संस्था चालविण्यासाठी सरकारने चर्चची मदत घेतली. कॅथलिक म्हणून नोंदलेली मुले गार्डन पॉइंटला, मेथडिस्ट म्हणून नोंदलेली क्रोकर बेटावर, अशी वाटणीही झाली.

हा प्रकार एका प्रदेशापुरता नव्हता. ‘त्यांना घरी आणताना’ अशा अर्थाचे नाव असलेला राष्ट्रीय चौकशीचा अहवाल १९९७ साली प्रसिद्ध झाला. १९१० ते १९७० या काळात दर दहा आदिवासी मुलांमागे किमान एक आणि कदाचित दर तिघांमागे एक मूल असे बळाने दूर नेले गेले असावे, असा निष्कर्ष त्यात काढलेला आहे. या मुलांना आज ‘चोरलेल्या पिढ्या’ असे म्हणतात.

मायकल लाँगचे आई-वडील हे दोघेही त्या पिढ्यांतले. वडिलांना मध्य ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातून, टी ट्री भागातून नेले होते. आईला डेली नदीच्या परिसरातून. वाळवंटाकडचा मुलगा आणि नदीकाठची मुलगी, दोघांची भाषा निराळी, नातलग निराळे. ती दोघे समुद्रापलीकडच्या एका बेटावर, मिशनच्या छपराखाली वाढली. पुढे त्यांचा विवाह झाला, डार्विनला घर झाले, मोठे कुटुंब झाले. तेथे १ ऑक्टोबर १९६९ रोजी मायकलचा जन्म झाला.

आता त्या मिशनची दुसरी बाजू पाहू. १९४१ साली ब्रदर जॉन पाय हे तिवी बेटांवर आले. त्यांनी तेथील मुलांना हा फुटबॉल शिकविला. बेटावर तो खेळ वणव्यासारखा पसरला. अनवाणी पायांनी, लाल मातीत खेळणाऱ्या तिवी मुलांची चपळाई पाहणाऱ्याला थक्क करी. पुढे बेटावरचे तरुण कामासाठी डार्विनला येऊ लागले, तेव्हा त्यांना खेळता यावे म्हणून १९५२ साली तेथे सेंट मेरीज फुटबॉल क्लब निघाला. पुढे लोकगायक म्हणून आणि उत्तर प्रदेशाचे प्रशासक म्हणून नाव मिळविलेले टेड ईगन हे त्या क्लबच्या संस्थापकांपैकी एक. पवित्र मरियेच्या नावाच्या या क्लबने हिरव्या-सोनेरी गणवेशात डार्विनच्या स्पर्धा गाजविल्या. लाँगचे वडील याच क्लबकडून खेळले, भाऊ खेळले आणि मायकलही येथेच घडला.

तेव्हा सरळ हिशेब करू पाहणाऱ्याची येथे पंचाईत होते. मिशन नसते तर हा खेळ तिवी बेटांवर पोहोचला नसता, असे म्हणावे, तर मिशनच्याच आवारात शेकडो मुले आईवाचून झोपी गेली, हे डोळ्यांआड करावे लागते. उलट मिशन म्हणजे केवळ तुरुंग असे म्हणावे, तर तेथील धर्मबंधू आणि धर्मभगिनींविषयी अनेक माजी मुलांच्या मनात असलेला जिव्हाळा खोटा ठरवावा लागतो. आम्हांला वाटते, येथे वजाबाकी करूच नये. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी फिटत नाही.

मेलबर्नची वाट

डार्विनहून लाँग १९८८ साली ॲडलेडच्या वेस्ट टॉरन्स क्लबकडे गेला आणि पुढच्याच वर्षी एसेंडनने त्याला मेलबर्नला आणले. डार्विन ते मेलबर्न हे अंतर तीन हजार किलोमीटरांहून अधिक आहे. उष्ण कटिबंधातला तो १९ वर्षांचा मुलगा दक्षिणेच्या हिवाळ्यात येऊन पडला. एसेंडनचे प्रशिक्षक केव्हिन शीडी हे जुन्या रूढींना न जुमानणारे गृहस्थ होते. आदिवासी खेळाडू मोठ्या शहरात टिकत नाहीत, घराच्या ओढीने परत जातात, असा एक समज त्या काळी क्लबांत रूढ होता. शीडी यांनी तो मानला नाही. लाँगला १३ क्रमांकाचा गणवेश मिळाला, काळ्या रंगावर तिरपा तांबडा पट्टा असलेला, आणि थोड्याच काळात प्रेक्षक त्याच्या धावेची वाट पाहू लागले.

मैदानावरील वातावरण मात्र सरळ नव्हते. प्रतिस्पर्ध्याला डिवचणे हा खेळाचाच भाग मानला जाई आणि आदिवासी खेळाडूला डिवचायचे म्हणजे त्याच्या रंगाचा उद्धार करायचा, हे ठरलेले असे. शिवी दिली ती मैदानात, सामना संपला की विसरायचे, अशी शिकवण असे. विसरायचे कोणी, हे उघडच होते. ही परंपरा जुनी होती. १९२७ साली डग निकल्स या गुणी आदिवासी तरुणाला मेलबर्नच्या कार्लटन क्लबमध्ये त्याच्या वर्णामुळे टिकू दिले नाही. तो पुढे फिट्झरॉय क्लबकडून नावारूपाला आला, नंतर धर्मोपदेशक झाला, ‘सर’ ही पदवी मिळवून १९७६ साली दक्षिण ऑस्ट्रेलियाचा राज्यपालही झाला. देशाने त्याला मान दिला, पण मैदानावरच्या शिव्या तशाच राहिल्या.

१७ एप्रिल १९९३ रोजी मेलबर्नच्या व्हिक्टोरिया पार्क मैदानावर सेंट किल्डा संघाचा आदिवासी खेळाडू निकी विनमार याने सामना संपल्यावर प्रेक्षकांकडे तोंड करून आपला गणवेश वर उचलला आणि उघड्या पोटाच्या काळ्या त्वचेकडे बोट दाखविले. दिवसभर त्याच्या कानांवर शिव्या पडत होत्या. त्या क्षणाची छायाचित्रे दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत आली आणि देशभर चर्चा झाली. पण चर्चा झाली म्हणून नियम झाला नाही.

१९९३ चा अंतिम सामना

त्याच वर्षी २५ सप्टेंबर रोजी मेलबर्न क्रिकेट मैदानावर एसेंडन आणि कार्लटन यांच्यात अंतिम सामना झाला. एसेंडनचा संघ इतका कोवळा होता की लोक त्याला ‘बाळ बॉम्बर’ म्हणत. सामन्याच्या पहिल्याच डावात लाँगने चेंडू घेतला, मैदानाच्या मधल्या भागातून तो धावत सुटला, चेंडू आपटत, अंगावर येणाऱ्यांना हुलकावणी देत पुढे गेला आणि त्याने स्वतःच गोल मारला. मधल्या फळीच्या खेळाडूने बचावापासून आक्रमणापर्यंतचा सगळा प्रवास एकट्याने करावा, असे मोठ्या सामन्यात क्वचितच घडते. त्या दिवशी त्याने ३३ वेळा चेंडू खेळविला. एसेंडनने ४४ गुणांनी विजय मिळविला आणि सर्वोत्तम खेळाडूचे नॉर्म स्मिथ पदक लाँगला जाहीर झाले.

पदक देण्यासाठी व्यासपीठावर मॉरिस रिओली उभे होते. तेही तिवी, तेही सेंट मेरीजचे. १९८२ साली रिचमंडकडून खेळताना हे पदक मिळविणारे ते पहिले आदिवासी खेळाडू ठरले होते. संघ हरला असूनही पदक मिळविणारेही तेच पहिले. संयुक्त राष्ट्रांनी १९९३ हे वर्ष जगातील आदिवासींचे वर्ष म्हणून जाहीर केले होते. त्या वर्षी सुमारे ९७ हजार प्रेक्षकांसमोर एका बेटाच्या मातीतल्या दोन पिढ्या एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. पुढे २०१५ साली याच गोतावळ्यातला सिरिल रिओली हॉथॉर्नकडून खेळताना तेच पदक जिंकला. लाँग त्याचा मामा.

यशाच्या या शिखरावरून लाँग लगेच खाली आला. गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने १९९४ चा संपूर्ण हंगाम त्याला गमवावा लागला. परत आला तो १९९५ साली, आणि त्याच वर्षी त्याच्या कारकिर्दीतील खरी कसोटीची वेळ आली.

अँझॅक दिनाची घटना

२५ एप्रिल हा ऑस्ट्रेलियात अँझॅक दिन म्हणून पाळतात. १९१५ साली गॅलिपोली येथे उतरलेल्या सैनिकांचे हे स्मरण. १९९५ पासून या दिवशी एसेंडन आणि कॉलिंगवुड यांचा सामना खेळविण्याचा प्रघात सुरू झाला. पहिल्याच सामन्याला ९४ हजारांहून अधिक लोक लोटले आणि दोन्ही संघांचे १११-१११ असे समान गुण होऊन तो बरोबरीत सुटला. लोक समाधानाने घरी गेले. लाँग मात्र अस्वस्थ होऊन परतला. सामन्यात प्रतिस्पर्धी संघातील एका खेळाडूने त्याला वर्णावरून शिवी दिली होती.

लाँगने ती गिळली नाही. त्याने रीतसर तक्रार केली. क्रीडासंस्थेने दोघांना समोरासमोर बसवून समेट घडविण्याचा प्रयत्न केला आणि मग पत्रकारांसमोर दोघांना शेजारी बसवून प्रकरण मिटल्याचे सांगितले. लाँगच्या चेहऱ्यावर मात्र समाधान नव्हते. झालेली गोष्ट स्पष्ट शब्दांत मान्य व्हावी, एवढीच त्याची अपेक्षा होती आणि तीच पुरी झाली नव्हती. समेटाची घाई ही बहुधा ज्याने जखम केली त्याच्या सोयीची असते, हे आपल्यालाही आपल्या घरांतून आणि संस्थांतून ठाऊक आहे.

येथे लाँगचे मोठेपण दिसते. त्याने त्या खेळाडूला बहिष्कृत करा, शिक्षा द्या, असा धोशा लावला नाही. त्याला हवा होता नियम. आज मी आहे, उद्या माझ्यामागून येणारी मुले असतील. त्यांना हे सोसावे लागू नये, ही त्याची भूमिका होती. चे कॉकाटू-कॉलिन्स या त्याच्या आदिवासी सहकाऱ्यासह इतर खेळाडू त्याच्या पाठीशी उभे राहिले. ३० जून १९९५ रोजी ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगने वर्ण, वंश आणि धर्म यांवरून होणाऱ्या निंदेविरुद्ध नियम केला. त्याचा क्रमांक ३०. तक्रार आली की प्रथम समेटाची बोलणी आणि ती फिसकटली तर न्यायाधिकरण, असा त्याचा क्रम होता. पुढील काळात त्यात शिक्षणाचीही जोड देण्यात आली. खेळाडूंना या देशाचा इतिहास सांगावा, शिवीमागे काय दडले आहे ते समजावून द्यावे, असा त्यामागचा विचार. नियमात धर्माचाही उल्लेख आहे, हे आमच्या वाचकांनी लक्षात घ्यावे. एका आदिवासी खेळाडूने स्वतःसाठी मागितलेले संरक्षण सर्वांचे झाले.

ज्या खेळाडूमुळे हे घडले त्याचे नाव आम्ही मुद्दामच दिलेले नाही. पुढे त्याने आपल्या कृत्याबद्दल खेद व्यक्त केला आणि दोघांत सलोखा झाला. पण तो सलोखा सत्य मान्य झाल्यावर आला, हा क्रम महत्त्वाचा आहे.

लाँगची कारकीर्द निष्कलंक होती असे आम्ही म्हणणार नाही. २ सप्टेंबर २००० रोजीच्या अंतिम सामन्यात एसेंडनने मेलबर्न संघाला ६० गुणांनी हरविले. त्या सामन्यात लाँगने प्रतिस्पर्धी संघाच्या एका तरुण खेळाडूला इतकी जोराची धडक दिली की त्याला उचलून बाहेर न्यावे लागले. लाँगवर चार सामन्यांची बंदी आली. अन्यायाविरुद्ध उभा राहणारा माणूसही माणूसच असतो आणि त्यालाही नियम लागू असतो. पुढच्या वर्षी, २००१ साली, तो निवृत्त झाला. २००७ साली ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या सन्माननीय खेळाडूंच्या यादीत त्याचा समावेश झाला.

पत्र आणि पदयात्रा

२००० साली, खेळत असतानाच, लाँगने देशाचे पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांना उद्देशून वृत्तपत्रात एक पत्र लिहिले. ‘चोरलेली पिढी’ म्हणण्याइतकी मुले नेलीच गेली नव्हती, असा युक्तिवाद त्या वेळी सरकारने केला होता. लाँगने त्या आकडेवारीच्या वादात न शिरता आपल्या आईची कहाणी सांगितली. ती आता हयात नव्हती. मायकल लहान असतानाच ती वारली होती. जिच्या दुःखाची गणती करण्यास सरकार तयार नव्हते, तिच्या वतीने मुलगा बोलला.

नोव्हेंबर २००४ मध्ये त्याने आणखी एक पाऊल उचलले, अगदी शब्दशः. आदिवासी समाजात अकाली मृत्यू इतके वाढले होते की एकामागून एक अंत्यविधीला जाणे हा त्याचा नित्यक्रम झाला होता. एके दिवशी तो मेलबर्नच्या घरातून निघाला आणि राजधानी कॅनबेराच्या दिशेने चालू लागला. अंतर ६५० किलोमीटर. पंतप्रधानांना भेटायचे आणि आमच्या लोकांविषयीचे प्रेम कोठे आहे, हे विचारायचे, एवढाच त्याचा हेतू होता. वाटेत लोक सामील होत गेले. तो वाटेत असतानाच पंतप्रधानांनी भेट मान्य केली आणि डिसेंबरच्या आरंभी ती झाली. तेव्हापासून एसेंडन आणि रिचमंड यांच्यातील वार्षिक आदिवासी सन्मान सामन्यापूर्वी हजारो लोक मेलबर्नच्या फेडरेशन चौकातून क्रिकेट मैदानापर्यंत चालत जाऊ लागले. या चालण्याला त्याच्याच नावावरून ‘द लाँग वॉक’ म्हणतात. आडनावाच्या अर्थाशी असा मेळ योगायोगानेच जुळला.

१३ फेब्रुवारी २००८ रोजी पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत चोरलेल्या पिढ्यांची क्षमा मागितली. त्याआधीच, २००१ साली, पोप दुसरे जॉन पॉल यांनी ओशियानियातील ख्रिस्तसभेला उद्देशून लिहिलेल्या प्रबोधनपत्रात आदिवासींवर झालेल्या अन्यायाची लाज नमूद केली होती आणि विशेषतः जेथे मुले बळाने कुटुंबापासून तोडली गेली, तेथे ख्रिस्तसभेच्या लोकांनी घेतलेल्या सहभागाबद्दल सिनडच्या बिशपांनी विनाअट क्षमा मागितल्याचे सांगितले होते. गार्डन पॉइंटसारख्या ठिकाणी सेवा करणाऱ्या धर्मभगिनींचा हेतू वाईट होता, असे या क्षमायाचनेत कोठेही म्हटलेले नाही. चांगल्या हेतूने माणूस अन्यायी व्यवस्थेचा हात बनू शकतो, एवढेच त्यातून सूचित होते. ही गोष्ट मान्य केल्याने मिशनरींचा त्याग लहान होत नाही, असे आमचे मत आहे.

न संपलेली वाट

नियम झाला, क्षमा मागून झाली, म्हणजे सर्व काही सुरळीत झाले असे नव्हे. सिडनीचा ॲडम गुड्स हा आदिवासी खेळाडू दोन वेळा देशातील सर्वोत्तम खेळाडू ठरला, २०१४ साली त्याला ‘वर्षातील सर्वश्रेष्ठ ऑस्ट्रेलियन’ हा किताब मिळाला आणि तरीही २०१५ साली मैदानामैदानांवर त्याची इतकी हुर्यो झाली की त्या हंगामाअखेर त्याने खेळ सोडला. २०१९ साली लीगने त्याची क्षमा मागितली. खेळाडूच्या तोंडाला नियम लगाम घालू शकतो. हजारोंच्या घोळक्याला तो पुरा पडत नाही.

१९६७ साली, लाँगच्या जन्मापूर्वी दोन वर्षे, आदिवासींची गणना देशाच्या जनगणनेत व्हावी म्हणून घेतलेल्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनी होकार दिला होता. २०२३ साली आदिवासींना संसदेपुढे आपले म्हणणे मांडणारी घटनात्मक संस्था असावी की नसावी, यावर पुन्हा सार्वमत ठरले. त्या वेळी ५३ वर्षांचा झालेला लाँग ऑगस्टच्या अखेरीस पुन्हा मेलबर्नहून निघाला आणि सप्टेंबरमध्ये चालत कॅनबेरास पोहोचला. १४ ऑक्टोबर रोजी मतदान झाले आणि सुमारे साठ टक्के मतदारांनी नकार दिला.

या नकाराने त्याचे चालणे वाया गेले असे कोणी म्हणेल. आम्हांला तसे वाटत नाही. १९९५ साली त्याने एका शिवीला उत्तर म्हणून नियम मागितला, २००० साली आईची गोष्ट सांगितली, २००४ साली आणि २०२३ साली तो स्वतः चालत राजधानीला निघाला. प्रत्येक वेळी त्याने एकच केले : जे सर्वांना ठाऊक होते पण कोणी बोलत नव्हते, ते त्याने बोलून दाखविले.

त्याच्या या कहाणीत आपल्या पिढीसाठी एक काम आहे. आपल्या धर्मग्रामांचे सुवर्णमहोत्सव, शतकमहोत्सव होतात, स्मरणिका निघतात. त्यांत फादरांची, धर्मभगिनींची, शाळांची आणि मैदानांची नोंद आपण प्रेमाने करतो. त्याच पानांवर, ज्यांना कधी मागच्या बाकावर बसावे लागले, ज्यांचा रंग, जात वा बोली यांवरून उपहास झाला, त्यांचेही शब्द यावेत. ज्यांना ते आठवते अशी माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांना विचारायला उशीर करू नये.